गोळ्या सुरू झाल्या, पुढे काय? गरीब देशांतल्या एचआयव्ही उपचारांच्या विस्ताराबद्दल

पुण्यात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण पूर्ण करून मलावीतल्या एका एचआयव्ही उपचार कार्यक्रमात रुजू होणाऱ्या एका तरुण डॉक्टरने तीन गोष्टी विचारल्या आहेत. जिथे पुरेसे डॉक्टर नाहीत, धड प्रयोगशाळा नाहीत, तिथे उपचारांचा विस्तार इतक्या वेगाने करावा का? अर्धवट गोळ्या घेणाऱ्यांमुळे औषधाला दाद न देणारा विषाणू पसरणार नाही का? आणि भारतात २००४ पासून औषध मोफत आहे, तर एड्सने माणसं अजून का मरतात?

मी पुण्यातल्या एका सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, बरीच वर्षं वैद्यकीय अधिकारी होते. पुढे राज्यातल्या इतर केंद्रांमधल्या डॉक्टरांना आणि समुपदेशकांना शिकवायचं काम केलं. उत्तर त्या कामाच्या आधारावर देते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. थांबू नका. यंत्रणा तयार होईपर्यंत औषध द्यायचं नाही असं आपण ठरवलं असतं, तर यंत्रणा कधीच तयार झाली नसती. औषध द्यायला लागलो म्हणून समुपदेशक नेमले गेले, सीडी४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, मोजायची यंत्रं आली, औषधाची कोठारं झाली. पण किती जणांना गोळ्या सुरू केल्या या आकड्यावर कार्यक्रमाची परीक्षा करू नका. सुरू केलेल्यांपैकी पाचव्या वर्षी किती जण जिवंत आहेत, गोळ्या घेताहेत आणि त्यांच्या रक्तातला विषाणू दबलेला आहे, हे बघा. पहिला आकडा वाढवायला पैसा आणि इच्छाशक्ती पुरते. दुसऱ्यासाठी माणसाच्या रोजच्या जगण्यात उपचार बसवावे लागतात, आणि ते काम फार कमी लोकांना करायचं असतं.

आधी मागचं थोडं सांगते, कारण तुमच्या पिढीने ते पाहिलेलं नाही. तीन औषधं एकत्र दिली की एचआयव्ही दबतो हे १९९६ मध्ये जगाला कळलं. तेव्हा त्या औषधांचा खर्च माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. पुण्यातल्या खाजगी दवाखान्यांत येणारी कुटुंबं आधी दागिने मोडायची, मग शेताचा तुकडा विकायची, आणि पैसे संपले की गोळ्या बंद व्हायच्या. एकाच्याच औषधापुरते पैसे असले तर ते नवऱ्याच्या औषधाला जायचे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने, म्हणजे आपल्या ‘नारी’ने, १९९७ मध्ये दाखवून दिलं होतं की गुप्तरोगाच्या दवाखान्यात येणाऱ्या, नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध न आलेल्या पुण्यातल्या विवाहित स्त्रियांमध्येही लागण आहे. म्हणजे घरात दोघंही पॉझिटिव्ह आणि औषध एकाला. ‘आधी यांचं बघा, माझं नंतर’ असं म्हणणाऱ्या बायका मी त्या काळात फार पाहिल्या. त्यातल्या अनेकींची पाळी आलीच नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने अशी तीन औषधं ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. दिवसाला एक डॉलर. हे शक्य झालं ते आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या कृतीवर होतं, त्यामुळे वेगळ्या कृतीने तेच औषध आपल्याकडे बनवता येत होतं. २००५ मध्ये कायदा बदलला आणि रेणूवरही पेटंट देणं सुरू झालं, तरी कलम ३(ड) मुळे जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट घेणं अवघड राहिलं. टेनोफोविरवरचं पेटंट २००९ मध्ये नाकारलं गेलं. आज ते औषध जगभरातल्या पहिल्या फळीच्या, म्हणजे उपचारांच्या सुरुवातीला देतात त्या, गोळीत आहे.

किमतीइतकीच मोठी गोष्ट त्या भारतीय गोळीत होती, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन ही तीन औषधं एकाच गोळीत आली. सकाळी एक, संध्याकाळी एक. श्रीमंत देशांत ही औषधं वेगवेगळ्या कंपन्यांची होती, त्यामुळे त्यांची एक गोळी करायला कोणी बसलं नव्हतं. तीन डब्यांमधून एक संपला की माणूस उरलेल्या दोन घेत राहतो, आणि विषाणूला औषध पचवायला शिकवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. तिन्ही एकाच गोळीत असली की घेतली तर तिन्ही, नाहीतर एकही नाही.

तरीही शंका घेणारे होते. २००१ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याचे प्रमुख अँड्र्यू नॅत्सिओस यांनी म्हटलं की आफ्रिकेतल्या अनेक लोकांना घड्याळाची वेळ कळत नाही, त्यांना ठरल्या वेळी औषध घ्या असं सांगून उपयोग काय. असंच बोलणं मी आपल्याकडच्या शिकलेल्या डॉक्टरांकडूनही ऐकलं आहे, फक्त आफ्रिकेच्या जागी झोपडपट्टी किंवा खेडं असायचं. २००६ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून आकडे आले: औषध नीट घेणाऱ्यांचं प्रमाण उत्तर अमेरिकेत ५५ टक्के, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ७७ टक्के.

मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. हातात घड्याळ नसलेल्या बायकांनी आम्हाला सांगितलं होतं की एक गोळी नळाला पाणी येतं तेव्हा आणि दुसरी सात वाजताच्या मराठी बातम्या लागल्या की. कोणी अजानवर वेळ बसवली होती, कोणी कारखान्याच्या भोंग्यावर. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला गोळीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. गोळी चुकायची कारणं दुसरीकडेच असतात. तिकडे मी पुढे येते.

आता मलावी. तिथल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा विस्तार २००४ मध्ये सुरू झाला तेव्हा देशात लाख माणसांमागे जेमतेम दोन डॉक्टर होते. त्यांनी जे केलं ते नीट समजून घ्या, कारण तुम्ही ज्या केंद्रात बसणार आहात ते त्यावर उभं आहे. त्यांनी सगळ्या देशासाठी पहिल्या फळीची एकच गोळी ठरवली. कोणाला सुरू करायची हे प्रामुख्याने आजाराच्या लक्षणांवरून ठरवायचं, सीडी४ यंत्रासाठी अडून बसायचं नाही. गोळ्या द्यायचं काम क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेले, पण रुग्ण तपासायला शिकलेले कर्मचारी) आणि परिचारिकांना शिकवलं. आणि क्षयरोग कार्यक्रमाची एक जुनी शिस्त उचलली: दर तिमाहीला प्रत्येक केंद्रावर पथक जाणार, रजिस्टर उघडून बसणार, किती जण आले, किती गेले, किती हरवले हे मोजणार, आणि त्याच मोजणीवरून पुढच्या तिमाहीच्या गोळ्या मागवणार. नोंदी आणि औषधाचा पुरवठा एकाच दोरीत बांधले गेले. नोंद चुकीची असेल तर गोळ्या कमी पडतात, म्हणून नोंद बरोबर ठेवण्यात केंद्राचा स्वतःचा स्वार्थ राहतो. मी पाहिलेल्या कार्यक्रम-रचनांमध्ये मला ही सर्वांत शहाणी वाटते.

प्रयोगशाळेशिवाय हे सुरक्षित आहे का, हा तुमचा प्रश्न त्या काळातही होता. युगांडा आणि झिंबाब्वेमध्ये ३,३१६ रुग्णांवर ‘डार्ट’ ही चाचणी झाली. निम्म्यांच्या नियमित रक्ततपासण्या करून त्यावरून उपचार ठरवले, निम्म्यांचे फक्त लक्षणांवरून. पाच वर्षांनी पहिल्या गटातले ९० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ८७ टक्के. फरक होता, पण तपासणी नाही म्हणून औषधच न देण्याचं समर्थन करण्याएवढा मुळीच नव्हता. दक्षिण आफ्रिकेत डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या देखरेखीखालच्या रुग्णांची तुलना झाली, तिचा निकाल २०१० मध्ये आला. परिचारिका कुठेही कमी पडल्या नाहीत. आपल्याकडे मात्र डॉक्टरशिवाय गोळी सुरू करायला आपण आजही बिचकतो. आपल्या कार्यक्रमातली ही उणीव मला फार सलते, कारण तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरचं पद रिकामं असतं आणि अनुभवी सिस्टर तिथेच असते.

२०११ मध्ये मलावीने आणखी एक गोष्ट केली. गरोदर बाई पॉझिटिव्ह आली की सीडी४ न बघता तिला त्याच दिवशी, आयुष्यभरासाठी गोळ्या सुरू करायच्या. कारण साधं होतं: सीडी४चा निकाल येईपर्यंत ती बाळंत होऊन गेलेली असायची. तेव्हा पुष्कळांना हा उतावीळपणा वाटला. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तेच धोरण जगाला सुचवलं, आणि २०१५ मध्ये सर्वांनाच, सीडी४ कितीही असो, लगेच उपचार द्या असं सांगितलं. आपल्याकडे उंबरठा आधी सीडी४ २०० होता, मग ३५०, मग ५००, आणि एप्रिल २०१७ पासून तो उरलाच नाही. पण मलावीच्या त्याच धोरणातली दुसरी बाजूही बघा. गरोदरपणात धडधाकट असताना, निदान झालं त्याच दिवशी गोळ्या हातात पडलेल्या बऱ्याच बायका पुन्हा केंद्रात आल्याच नाहीत. त्यांना आजार जाणवत नव्हता, घरी काय सांगायचं हे ठरलं नव्हतं. औषध त्याच दिवशी द्यावंच, मी त्याच्या बाजूची आहे. पण दुसरी भेट महिन्याने न ठेवता आठवड्यात ठेवावी, आणि त्या आठवड्यात कोणीतरी तिच्याशी बोलायला हवं.

औषधाला दाद न देणाऱ्या विषाणूबद्दल

तुमची शंका खोटी नाही, पण दोष चुकीच्या जागी लावला जातो. नेव्हिरॅपिन आणि एफाव्हिरेन्झ या जुन्या औषधांचा एक मोठा दुबळेपणा होता: विषाणूच्या रचनेत एकच बदल झाला तरी ती निकामी व्हायची. शिवाय ती रक्तात बरेच दिवस रेंगाळतात. समजा एखाद्या केंद्रात गोळ्या संपल्या आणि रुग्णाला तीन आठवडे काहीच मिळालं नाही. बाकीची दोन औषधं दोन-तीन दिवसांत शरीरातून जातात आणि नेव्हिरॅपिन एकटंच मागे राहतं. त्या दिवसांत विषाणू तेच एक औषध पचवायला शिकतो. म्हणजे इथे बेशिस्त रुग्णाची नव्हती, कोठाराची होती. मागणीपत्र उशिरा गेलं, निविदा रखडली, जवळच्या केंद्रात गोळ्या मुदत संपायला आलेल्या आणि इकडे एकही नाही. प्रतिरोधी विषाणू अशा जागी तयार होतो.

गेल्या दशकात अनेक गरीब देशांत नव्या रुग्णांमध्येही या जुन्या गटाला दाद न देणारा विषाणू दहा टक्क्यांच्या वर सापडू लागला. त्यावर उत्तर म्हणून विस्तार थांबवला गेला नाही. औषध बदललं गेलं. डोल्युटेग्रॅव्हिरला विषाणू सहजासहजी दाद देणं सोडत नाही. ते टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिनबरोबर एका गोळीत आलं, दिवसातून एकदा. या टीएलडी गोळीची किंमत २०१७ मध्ये वर्षाला ७५ डॉलर ठरली आणि २०२३ मध्ये ४५ डॉलरच्या खाली आली. आपल्याकडे २०२० च्या सुमारास रुग्ण या गोळीवर न्यायला सुरुवात झाली. मलावीत तुम्हाला हीच मिळेल. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. क्षयाच्या रिफॅम्पिसिनसोबत ती कमी पडते, म्हणून बारा तासांनी डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी द्यावी लागते. आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या तिच्याबरोबर उपाशीपोटी घेतल्या, किंवा मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियम असलेल्या आम्लपित्ताच्या गोळ्या, जेवून का होईना, तिच्याबरोबर घेतल्या, तर तिचं शोषण नीट होत नाही. गरोदर बायकांना लोह आणि कॅल्शियम आपणच देतो, आणि हे सांगायला विसरतो.

दुष्परिणामांवरही एक गोष्ट सांगायलाच हवी. स्टॅव्ह्युडिनने आमचे हजारो रुग्ण वाचले, पण काही वर्षांनी त्यांचे गाल बसायचे, हातापायांवरची चरबी जाऊन शिरा वर यायच्या, तळपायांची आग व्हायची. वस्तीत चेहरा बघून लोक ओळखायचे की याच्या ‘त्या’ गोळ्या चालू आहेत. जीव वाचवणारी गोळीच माणसाला उघडं पाडत होती. अनेकांनी ती त्यासाठी सोडली, आणि आमच्या कागदावर ते ‘औषधात अनियमित’ म्हणून नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडिन मागे घ्यायला २००९ मध्ये सांगितलं. श्रीमंत देशांनी त्याच्या कितीतरी आधी ते सोडलं होतं. गरिबांसाठी स्वस्त औषध आणि चांगलं औषध यांत इतकं अंतर पडू देणं अन्यायाचं होतं, असं मी तेव्हाही म्हणत होते.

माणसं येणं का थांबतात

सगळ्यात जास्त लिहायचं आहे ते इथे. एआरटी केंद्रात सकाळी एक यादी निघते, काल येणं होतं आणि आले नाहीत अशांची. आउटरीच वर्कर फोन लावतात. निम्मे फोन लागत नाहीत, कारण नंबर शेजाऱ्याचा दिलेला असतो किंवा मुद्दाम एक आकडा चुकवलेला असतो. पत्ता ‘मारुतीच्या देवळाजवळ, हडपसर’ एवढाच. तीन महिने झाले की ते नाव ‘एलएफयू’मध्ये, म्हणजे संपर्क तुटलेल्यांमध्ये, जातं.

त्या यादीत दोन नावं दारूमुळे असतात, दोन ‘बरं वाटतंय, आता कशाला’ म्हणून. बाकीची रोजीरोटीची. बीडकडची ऊसतोड टोळी दिवाळीच्या सुमारास निघते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम बुडवलं तर खाडा धरतात, म्हणजे मजुरी जाते आणि वर दंड. अशा बाईला दर महिन्याला गोळ्यांसाठी बीडला या म्हणणं म्हणजे उपचार सोडून द्या म्हणण्यासारखंच आहे. तिला निघतानाच पुरेशा गोळ्या आणि साखर कारखान्याच्या जवळच्या केंद्राचं पत्र हातात पडलं तर ती एकही गोळी चुकवत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि एका महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देणं भाग पडलं. त्याआधी वर्षानुवर्षं आम्हाला सांगितलं जात होतं की एवढ्या गोळ्या दिल्या तर लोक त्या हरवतील, विकतील. तसं झालं नाही. लोकांचे हेलपाटे वाचले आणि केंद्रातली गर्दी निम्म्यावर आली. आजारी माणसाकडे बघायला डॉक्टरला वेळ मिळाला.

अडचण एवढीच की एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या तर कोठारात त्याच्या दुप्पट-तिप्पट साठा लागतो. साठा आटला की पहिली कात्री याच सोयीवर चालते. मग भोरच्या किंवा वेल्ह्याच्या माणसाला दहा-दहा दिवसांच्या गोळ्या मोजून दिल्या जातात, आणि तो तीन वेळा रजा टाकून स्वारगेटला उतरतो. कागदावर ‘औषध उपलब्ध’ असतं. २०२२ च्या उन्हाळ्यानंतर दिल्लीत पॉझिटिव्ह लोकांच्या संघटनांनी नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयाबाहेर महिनाभराहून अधिक काळ धरणं धरलं, ते औषधांच्या तुटवड्यावरूनच.

आता एक गोष्ट, जी आफ्रिकेतून शिकून आलेल्यांना आमच्याकडे चकवते, आणि इथून जाताना तुम्हालाही उलट्या बाजूने चकवेल. मोझांबिकच्या तेते प्रांतात २००८ पासून सहा-सहा रुग्णांचे गट केले गेले. दर महिन्याला एकाने केंद्रात जायचं, स्वतःची तपासणी करून घ्यायची आणि सहाजणांच्या गोळ्या घेऊन यायच्या. केप टाउनजवळच्या खायेलित्शामध्ये २००७ पासून तीसएक जणांचे क्लब निघाले, दोन महिन्यांनी भेटायचे, तासाभरात गोळ्या घेऊन घरी. दोन्ही फार यशस्वी ठरले. आपल्याकडे असे गट खेड्यात करायला गेलं तर लोक तोंड लपवतात. कारण तिथे प्रौढांमध्ये दहात एक किंवा त्याहून जास्त जण बाधित आहेत. इथे पाचशेत एक. गावात आपण एकटेच आहोत असं प्रत्येकाला वाटतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. म्हणून शेजारच्या तालुक्यात लिंक एआरटी केंद्र, म्हणजे गोळ्या देणारं छोटं उपकेंद्र, निघालं तरी माणसं ससूनलाच येत राहतात. तालुक्याच्या रुग्णालयात वॉर्डबॉय ओळखीचा, केसपेपर काढणारी भाचीची मैत्रीण. पुण्याच्या गर्दीत कोणी ओळखत नाही. घराजवळ सेवा नेली की लोक येतील हे गृहीतक त्यांना विचारून तपासा. जवळचं हवं की अनोळखी हवं, हा निवड करण्याचा हक्क त्यांचा आहे.

घरातलंही बघा. सासूपासून लपवायचं म्हणून गोळ्यांची बाटली घरात ठेवता येत नाही. गोळ्या मसाल्याच्या रिकाम्या डबीत जातात, ओलाव्यापासून राखणारी पुडी फेकली जाते, पावसाळ्यात गोळ्या दमट होतात. लग्नाला गेलं, मुक्काम झाला, गोळी घरी. आमच्या समुपदेशक ‘गोळी वेळेवर घ्या’ असं सांगायच्या, तेव्हा मान डोलायची. ‘गोळी कुठे ठेवता?’ असं विचारायला लागल्या, तेव्हा खरी उत्तरं यायला लागली. एका छोट्या प्रश्नाने एवढा फरक पडतो, म्हणून समुपदेशकाला डॉक्टरइतकाच मान आणि पगाराची हमी मिळायला हवी. आपल्याकडे त्या वर्षानुवर्षं कंत्राटावर आहेत. एक अनुभवी समुपदेशक गेली की तिच्याबरोबर शेकडो माणसांची घरची माहिती जाते, आणि ती कुठल्याच कार्डावर लिहिलेली नसते.

जन्मापासून बाधित असलेली मुलं आता विशी-पंचविशीत आली आहेत. त्यांच्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. एवढंच सांगते की गोळ्या कशाच्या आहेत हे ज्यांना वेळेत, प्रेमाने आणि खरं सांगितलं गेलं, ती मुलं टिकतात. ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणून पंधरा वर्षं दिल्या, त्यांतली अनेक पंधराव्या वर्षी सोडतात.

टिकलेल्या माणसांना सांगण्यासारखी एक मोठी गोष्ट आपल्याकडे आहे आणि आपण ती पुरेशी सांगत नाही. २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरच्या चाचणीने दाखवलं की लवकर उपचार घेतले तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. पुण्याची ‘नारी’ त्या चाचणीत होती, म्हणजे पुण्यातल्या जोडप्यांनी ही गोष्ट जगाला सिद्ध करून दिली. पुढच्या अभ्यासांनी ती आणखी पक्की केली: रक्तात विषाणू सापडण्याइतका उरला नसेल, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे ऐकल्यावर बायको-नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघितलं की गोळी चालू ठेवण्याचं याहून मोठं कारण शोधावं लागत नाही. पण त्यासाठी व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची, तपासणी वेळेवर व्हायला हवी आणि निकाल रुग्णाच्या हातात पडायला हवा. फायलीत पडलेला निकाल कोणाच्याच कामाचा नाही.

औषध असून मृत्यू का होतात

उशिरा येणं, हे पहिलं कारण. सीडी४ २०० च्या खाली गेल्यावर येणारे आजही आहेत, आणि बरेचसे मृत्यू गोळ्या सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत होतात. क्षयरोग त्यांतलं सर्वांत मोठं कारण. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. हे चार प्रश्न प्रत्येक भेटीत प्रत्येकाला विचारायचे, त्याला पैसे लागत नाहीत. कोट्रायमोक्साझोल ही इतर संसर्ग टाळणारी जुनी, काही पैशांची गोळी विसरू नका. झांबियात २००४ मध्ये बाधित मुलांवर झालेल्या चाचणीत एकट्या तिच्यामुळे मृत्यू ४३ टक्क्यांनी कमी झाले. डोकं सतत दुखतंय आणि सीडी४ शंभरच्या खाली आहे, तर क्रिप्टोकॉकस या मेंदूच्या आवरणाला ग्रासणाऱ्या बुरशीची तपासणी केल्याशिवाय घरी पाठवू नका. आणि औषध सोडून परत आलेला माणूस हा नव्या रुग्णाइतकाच धोक्यात असतो. त्याला पहिलं वाक्य ‘एवढे दिवस कुठे होतात?’ असं ऐकवलं, तर तो पुन्हा जातो. ‘आलात, बरं झालं’ असं म्हणा.

पैशाबद्दल. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाचवा टप्पा, २०२१ ते २०२६, सुमारे १५,४७२ कोटींचा आणि पूर्णपणे केंद्राच्या तिजोरीतून. मलावीसारख्या देशांत हा खर्च मुख्यतः बाहेरून येतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी रोखली तेव्हा जीवरक्षक औषधांना काही दिवसांत सूट मिळाली. पण घरोघरी जाणारे कार्यकर्ते, नोंदी ठेवणारे, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत नेणारे लोक हजारोंनी घरी बसले. गोळ्या होत्या आणि त्या माणसापर्यंत नेणारे हात नव्हते. जगात आज चार कोटींहून अधिक लोक बाधित आहेत, तीन कोटींहून अधिक उपचारांवर, आणि वर्षाला सहा लाखांच्या वर मृत्यू होताहेत. उरलेले लोक गाठणं आधीच्यांपेक्षा अवघड आहे, आणि नेमकी त्याच वेळी त्यांना गाठणारी माणसं कमी झाली.

तुम्ही पोचलात की पहिल्या आठवड्यात ओपीडीत बसू नका. औषधाच्या खिडकीपाशी उभ्या राहा. किती वेळ रांग लागते, कोण मागे वळून बघतं, कोण गोळ्या घेतल्या घेतल्या बाटलीवरचं लेबल सोलतं ते पाहा. नंतर रजिस्टर मागा आणि बरोबर वर्षापूर्वी, याच महिन्यात गोळ्या सुरू केलेल्यांची नावं काढा. प्रत्येकापुढे आज काय आहे ते लिहा: चालू, दुसऱ्या केंद्रात गेला, मरण पावला, माहीत नाही. ‘माहीत नाही’चा रकाना सर्वांत मोठा निघाला, तर पुढच्या तिमाहीतले पैसे नव्या केंद्राच्या आधी गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या सायकली, फोन आणि पगार यांना मागा. त्यातल्या एखाद्याबरोबर त्या रकान्यातल्या पहिल्या दहा घरी स्वतः जाऊन या, आणि काय कळलं ते मला कळवा.